फेल्टचा तुकडा

४ मार्च, मंगळवार

ही वही मन मोकळं करण्यासाठी नाही, तक्रार नोंदवण्यासाठी आहे.

पोरीनं मला छापील तक्ते दिलेत. तारीख, पंपाचा नंबर आणि पुढे दोन चौकोन, ‘ठीक’ आणि ‘बिघाड’. त्यातल्या एकात खूण करायची. मत लिहायला जागाच नाही. तसं तिला म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, मत नको, खूण हवी." एकसष्ट वर्षांच्या माणसाकडे मताशिवाय दुसरं असतं काय? म्हणून ही वही.

घडलं ते असं. गावाला पाणी देणाऱ्या पंपघरात बारा पंप आहेत. त्यांची देखभाल एकोणीस वर्षं आमच्या वर्कशॉपकडे आहे. पद्धत साधी. दर मंगळवारी मी जातो, लांब पेचकसाचं टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवतो, लाकडी मूठ कानाशी दाबतो आणि ऐकतो. पोलादातून आवाज थेट डोक्यात येतो. पेचकस उस्तादांचा. त्यांच्याकडे मी चौदाव्या वर्षी झाडू मारायला लागलो. ते गेले तेव्हा माझ्या वाटणीला हा पेचकस आणि त्यांची गिऱ्हाईकं आली, आणि त्यावर मी अकरा माणसांचं वर्कशॉप उभं केलं. आजवर एकही पंप मला न सांगता बंद पडलेला नाही.

आता पंपघरावर नव्या अभियंता बाई आल्यात. हुशार आहेत, बोलायला गोड आहेत. म्हणाल्या, "तुमच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण कान फायलीला लावता येत नाही." त्यांना आकड्यांचा अहवाल हवा. गणितात पदवी घेऊन दोन वर्षं आवाजाच्या कसल्याशा कंपनीत काम केलेली आमची कन्या तिथंच उभी होती. तिनं पर्समधून साबणाच्या वडीएवढी एक डबी काढली. खाली लोहचुंबकाचा पाय, आत सूक्ष्म कान, आणि डबीतून निघालेली वायर लॅपटॉपला. ही मोटरवर चिकटवायची, म्हणे.

ठरलं असं : सहा मंगळवार मी पेचकसानं ऐकणार, पोरगी डबीनं ऐकणार. कुणी कुणाचा तक्ता बघायचा नाही. तोवर बाराही पंपांना कुणी हात लावायचा नाही, उघडायचा नाही. शेवटी पंप उघडून बघायचे. ज्याचं खरं, त्याच्या पद्धतीनं पुढचं काम. म्हणजे मी हरलो, तर टेबलाशी बसून डबी सांगेल तिथं सही करायची.

मी हसून हो म्हटलं. 

६ मार्च, गुरुवार

पोरीनं विचारलं, पहिल्याच दिवशी सात नंबरमध्ये काही ऐकू आलं का. हा सरळ नियमभंग आहे. मी म्हटलं, सात नंबर नव्या नवरीसारखा चालतोय. ती "बरं" म्हणाली. हल्ली ती "बरं" असं काही म्हणते की त्याचा अर्थ लागत नाही. आणि बोलतेही पुटपुटत. हिची, म्हणजे माझ्या बायकोची, तीच गत. घरात दोन बायका आणि दोघीही शब्दांची शेपटं गिळतात.

११ मार्च, मंगळवार

आज जे कळलं ते लिहिलंच पाहिजे, हार-जीत बाजूला ठेवून.

जेवण झाल्यावर पोरीला म्हटलं, तुझी डबी नक्की करते काय ते मला मिस्त्री समजून सांग. ती उठली आणि माझा नट-बोल्टांचा जुना डबा घेऊन आली. सगळी मापं एकत्र कोंबलेली. म्हणाली, मोटरचा आवाज म्हणजे हा डबा. जाडे सूर, बारीक सूर, सगळे मिसळलेले. गणित काय करतं, तर डबा खणांच्या ट्रेमध्ये ओततं आणि प्रत्येक माप आपापल्या खणात जाऊन बसतं. मग कुठल्या खणात किती, ते मोजायचं.

मी म्हटलं, हे करायला आमच्या माणसाला अख्खा दिवस लागतो. ती म्हणाली, डोळा मिटायला लागतो त्याहून कमी वेळ डबीला पुरतो.

ही युक्ती काढणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वीचा. लोखंडात उष्णता कशी पसरते याचं गणित मांडत बसला होता. त्याला दिसलं की आकार कितीही वेडावाकडा असो, गुळगुळीत लाटा एकमेकींत मिळवून तो बनवता येतो. त्या बिचाऱ्याला ना मोटर माहीत, ना मोबाइल. आणि आज त्याच गणितावर फोनमधला आवाज चालतो, गाणी चालतात, फोटो पाठवता येतात, शरीर न कापता आतलं दाखवणारं हॉस्पिटलचं मोठं यंत्र चालतं. एका कामासाठी हत्यार बनवलं आणि ते शंभर कामांना लागलं. अशा माणसाला मी माझ्या वर्कशॉपमध्ये कधीही खुर्ची देईन.

मग तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला चोवीस. बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या. बाहेरच्या रिंगला खड्डा पडला, तर वरून जाणारी प्रत्येक गोळी एक ठोका देणार. मी लगेच म्हटलं, नऊ गुणिले चोवीस, दोनशे सोळा ठोके. ती म्हणाली, "घाई झाली. हातात घेऊन फिरवा."

फिरवलं. आतली रिंग पूर्ण एक फेरा फिरली, आणि गोळ्या मात्र अर्ध्याच्याही थोड्या अलीकडे पोचल्या. सत्तेचाळीस वर्षं मी बेअरिंगं हाताळतोय, डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. चार दशांश धरायचे. म्हणजे नऊ गुणिले चोवीस गुणिले चार दशांश, साधारण शहाऐंशी. बाहेरच्या रिंगचा बिघाड असेल तर सेकंदाला शहाऐंशी ठोके, अमुक मोटर, तमुक बेअरिंग, जगात कुठंही. न उघडता, न बघता.

मी तीनदा करून पाहिलं. दर वेळी शहाऐंशी. शाळेत गणिताच्या मास्तरांनी मला हे दाखवलं असतं, तर मी शाळा सोडली नसती.

१५ मार्च, शनिवार

दारावरची घंटा पुन्हा बिघडली. गेल्या वर्षभरातली ही तिसरी. पोस्टमन उभा राहून राहून गेला आणि मी आतच होतो. ही म्हणते, घंटा चांगली वाजते. मग मला का नाही उठवत ती? उद्या चौथी आणतो. हल्लीच्या वस्तूंत दम नाही.

बाहेरच्या झाडावरचे पक्षीही गेले. मोबाइलचे मनोरे, दुसरं काय.

१८ मार्च, मंगळवार

पोरगी अडचणीत आहे आणि मला ते बघवत नाही. आज पंपघरात चुकून लॅपटॉपवर नजर गेली. (अगदी चुकून नाही.) सात नंबरच्या नावापुढे लाल खूण. तीन आणि अकरावरही लाल. तिन्ही पंप मी नीट ऐकलेत. मूठ कान लाल होईपर्यंत दाबली. मस्त चाललेत.

उशिरा उमगलं. चुंबकाचा पाय लोखंडी, मोटरचं अंग लोखंडी. लोखंडावर लोखंड ठेवलं की किणकिणणारच. डबी मोटरचं नाही, स्वतःच्याच पायाचं ऐकतेय. गणित बरोबर, पण पाय कच्चा. पोरीनं पुस्तकं वाचली, पण हे पुस्तकात नसतं.

तिला सांगितलं असतं तर तिचा हिरमोड झाला असता, आणि नियमानं मी तिचा तक्ता बघायलाही नको होता. म्हणून ती बाईंशी बोलत असताना फेल्टचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, एक गोल तुकडा कापून पायाला खालून चिकटवला. असा बसला की कळणारसुद्धा नाही. बापानं एवढं करायला हवं.

२० मार्च, गुरुवार

एक गोष्ट इथं लिहितो, कुणाला बोलणार नाही. स्टोअरमध्ये बेअरिंगं कमी पडतात. जितकी बसवायला मी सांगतो त्याहून जास्त खपतात, आणि हे गेली दोन वर्षं चाललंय. किल्ली माझ्याकडे आणि फोरमनकडे. फोरमनला आम्ही टिचकी म्हणतो, कारण कुठल्याही मोटरला टिचकी मारल्याशिवाय तो पुढे जात नाही. बावीस वर्षं माझ्याबरोबर आहे. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्याच उजव्या हातावर घेण्यासारखं. पण दर सोमवारी संध्याकाळी तो पंपघरात "सहज चक्कर" मारायला जायचा, हेही खरं. पंपांना हात लावायचा नाही हे ठरल्यापासून चक्कर बंद आहे, आणि स्टोअरमधला खपही बंद आहे.

नको. असले विचार नकोत.

२३ मार्च, रविवार

सुट्टी. दिवसभर ही स्वयंपाकघरात आणि मी टेबलाशी. लग्न झालं तेव्हा ही काम करताना शीळ घालायची. बारीक, दातांमधून, आणि सुरात. माझ्या आईला ते खपायचं नाही. आई म्हणायची, सून आणली की रेल्वेचा गार्ड. मी मात्र बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचो. शीळ चालू असली की घर ठीक, असं माझं मोजमाप होतं.

ती बंद होऊन चार-पाच वर्षं झाली. बहुधा पोरगी शिकायला बाहेर गेली तेव्हापासून. आता पोरगी परत आली, तरी शीळ आली नाही. माझं काही चुकलं का, असं विचारावंसं कितीदा वाटलं. विचारलं नाही. उत्तर आलं तर काय करायचं?

२५ मार्च, मंगळवार

फेल्टनं काम केलं. पोरगी लॅपटॉपसमोर भुवया आकसून बसली होती. मी विचारलं नाही, तीच म्हणाली, "विचित्र आहे. सगळे एकदम गप्प झाले."

मी म्हटलं, यंत्रालाही माणसांची सवय व्हावी लागते. टिचकी मागे खोकला.

१ एप्रिल, मंगळवार

सगळं ठीक. बाई म्हणाल्या, बारा आणि तेरा तारखेला मोठ्या टाकीची सफाई आहे. ते दोन दिवस गावाच्या वरच्या भागाला एकटा सात नंबर पाणी देणार. त्या भागात शाळा आहेत, हॉस्पिटल आहे, तीन-चार हजार घरं आहेत. "सात नंबरवर तुमची सही लागेल." म्हटलं, एक सोडून दोन करतो.

८ एप्रिल, मंगळवार

सहावा मंगळवार. सात नंबर शेवटचा ऐकला आणि बाईंच्या कागदावर सही केली. पेचकस पुसून पेटीत ठेवताना उस्तादांची आठवण आली. उद्या तक्ते जुळवायचे.

९ एप्रिल, बुधवार

तक्ते वर्कशॉपच्या मोठ्या टेबलावर मांडले. पोरगी, मी, टिचकी, आणि जेवणाचा डबा घेऊन आलेली ही. पहिल्या तीन मंगळवारी माझं आणि डबीचं तीन पंपांवर जमत नव्हतं. नंतरच्या तिन्हींत सगळ्याच्या सगळ्या खुणा सारख्या. मी टिचकीकडे बघून मिशीत हसलो.

पोरगी हसली नाही. म्हणाली, माणूस मत बदलतो, यंत्र बदलत नाही. मग तिनं डबी उलटी केली, पाय नखानं खरवडला, आणि फेल्ट हातात आला.

टिचकी छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, मीच लावला, आणि का लावला तेही सांगितलं. मला वाटलं चिडेल. चिडली नाही. तुकडा तळहातावर घेऊन तिनं उलटसुलट करून बघितला. मग आम्ही दोघं तसेच पंपघरात गेलो. सात नंबर तिनं एकदा फेल्टसकट मोजला, एकदा फेल्ट काढून. कागदावर दोन रेघा काढल्या.

"बाबा, फेल्ट बारीक सूर अडवतो. सेकंदाला तीन हजार कंपनांच्या वरचं काहीच आत येऊ देत नाही. खालचं सगळं येतं."

मी म्हटलं, बरोबर, ती किणकिण होती.

"आणि फेल्ट लावला की यंत्राचं आणि तुमचं तंतोतंत जमतं."

मी म्हटलं, मग झालं तर.

तिनं माझा हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिली, भर पंपघरात, लोकांसमोर. हरल्याचं इतकं मनाला लावून घेईल असं वाटलं नव्हतं. मी तिची पाठ थोपटली.

मग निघताना तिनं दुसरा कागद पुढे केला. म्हणाली, हा फेल्ट काढल्यानंतरचा. ती बारीक किणकिण सारखी येत नाही, ठोक्याठोक्यानं येते. सेकंदाला किती ठोके, ते तुम्हीच मोजा. मी रेघेवरची उंच टोकं मोजली, पट्टीनं अंतर घेतलं, भागाकार केला.

शहाऐंशी.

कागद खिशात आहे. जेवण गेलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

चुंबकाचा पाय किणकिणतो म्हणावं, तर तो मोटरच्या चोवीस फेऱ्यांशी किणकिणेल. त्याला नऊ गोळ्या कशा माहीत? चार दशांश कुठून माहीत? यंत्राशी मी भांडलो असतो. पोरीशी तर रोजच भांडतो. पण हे शहाऐंशी माझ्या हातचे आहेत, माझ्या पेन्सिलीचे.

सकाळी आठ वाजता बाईंच्या टेबलाशी गेलो आणि म्हटलं, माझी सही परत द्या. एकोणीस वर्षांत असं कधी म्हटलेलं नाही. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि एवढंच विचारलं, "किती वेळ लागेल?"

"संध्याकाळपर्यंत."

सात नंबर उघडला. बेअरिंग काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, बाहेरची रिंग उजेडाकडे धरली. मोहरीच्या दाण्याएवढा खड्डा. काठ चमकत होते, म्हणजे वाढत होता. दोन दिवस एकट्यावर पूर्ण भार पडला असता, तर रविवारी दुपारी मोटर जाम. हॉस्पिटलच्या नळाला फक्त हवा.

तीन नंबर आणि अकरा नंबरही उघडले. तिथंही तेच.

नवी बेअरिंगं टिचकीनं बसवली. मी दिवा धरला.

मग मी त्याला बाजूला घेतलं. विचारलं, हे असं किती दिवस? मला वाटलं उडवून लावेल. त्यानं मोटरला एक टिचकी मारली आणि खाली बघून सांगितलं. "दोन वर्षं, मालक. सोमवारी मी किणकिणणारी बेअरिंगं बदलून ठेवायचो. मंगळवारी तुम्ही ठीक म्हणायचात ते ठीकच निघावं म्हणून. या वेळी हात लावायची बंदी होती."

स्टोअरचा हिशेब जुळला.  माझ्या मनात काय आलं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. सांगणार आहे. धीर गोळा करतोय.

१२ एप्रिल, शनिवार

टाकीची सफाई चालू आहे. सात नंबर एकटा पळतोय. पोरगी डबी घेऊन बसलीय, मी पेचकस घेऊन. मला ठीक ऐकू येतो. पण माझ्या ‘ठीक’चं मोल आता मला माहीत झालंय. डबीलाही ठीक ऐकू येतो, म्हणून आज पाणी प्यायलो.

टिचकीला सांगून टाकलं. तो इतका हसला की पाना हातातून पडला. म्हणाला, "विकायचीच असती तर मोठी नेली असती, मालक. ही बारकी बेअरिंगं घेतं कोण?" नंतर थोड्या वेळानं मला चहा आणून दिला. स्वतःला मात्र घेतला नाही. मी माझा अर्धा त्याला दिला.

१६ एप्रिल, बुधवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ही बरोबर, पोरगी बरोबर, वरातच. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. आधी भराभर दाबलं. नंतर बराच वेळ काहीच आलं नाही. मी काचेतून बघत होतो, मशीन बंद पडलं की काय. डॉक्टर तर बटणं फिरवत होते. हिनं तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी आलेख काढून दिला. पोरीनं पर्समधून फेल्टचा कागद काढला आणि शेजारी ठेवला. आलेखाची आणि फेल्टची, दोन्ही रेघा तीन हजारापर्यंत सपाट, मग कड्यावरून उडी घेतल्यासारख्या खाली. डॉक्टर म्हणाले, ही तपासणी आधी कुठं केलीत?

मी म्हटलं, पंपघरात. सहा मंगळवार. बारा मोटरींवर.

सत्तेचाळीस वर्षं मोटरींच्या गराड्यात काढली, त्याचा हा हप्ता. घंटा तिन्ही चांगल्या होत्या. त्या जपून ठेवल्यात, एक टिचकीला देईन.

खोटं कशाला लिहू, घरी येऊन पेचकस हातात घेऊन बसलो होतो. पोरगी जवळ आली. म्हणाली, "बाबा, जाड्या सुरांत तुमची एकही खूण चुकलेली नाही. सहा मंगळवारांत एकही. तिथं डबीला तुमच्यापेक्षा जास्त काही ऐकू आलेलं नाही." बाईंना अहवालात तिनं तेही लिहून दिलंय. बाईंचा निरोप आला : अहवालावर दोन सह्या लागतील, डबीवाल्या बाईंची आणि पेचकसवाल्या बाबांची.

२६ एप्रिल, शनिवार

आज कानातलं यंत्र आलं. शेंगदाण्याएवढं. पोरगी समजावत होती की आत तेच गणित आहे. आलेला आवाज खणांत वाटायचा, माझ्या कानाला जे खण रिकामे लागतात तेवढेच भरायचे, आणि सगळं परत डब्यात ओतून कानात सोडायचं. सेकंदाला शेकडो वेळा. तो लोखंडाच्या उष्णतेवाला माणूस आता माझ्या कानात राहायला आला. भाडं मागणार नाही अशी आशा आहे.

पहिली दहा मिनिटं वैताग. वर्तमानपत्र चुरचुरतं. माझेच बूट कुरकुरतात, सगळं गाव ऐकत असेल. आणि झाडावर पक्षी आहेत. मनोऱ्यांची माफी मागतो.

पोरगी शब्दांची शेपटं गिळत नाही. कधीच गिळत नव्हती.

मग ही आत गेली, भांडी घासायला. मी टेबलाशी ही वही उघडून बसलो. नळाचं पाणी ऐकलं, ताटाला ताट लागलेलं ऐकलं, आणि त्या सगळ्याच्या वरून, बारीक, दातांमधून, सुरात.

मी उठून दारात उभा राहिलो. विचारलं, "पुन्हा कधी सुरू केलीस?"

हिनं वळून बघितलं, हात साबणानं भरलेले.

"अहो, बंद कधी केली होती?"

 टेबलाशी परत आलो. उरलेला एक तक्ता वहीत होता. तारीख घातली. पंपाच्या नंबराच्या जागी ‘स्वयंपाकघर’ लिहिलं. आणि ‘ठीक’च्या चौकोनात खूण केली. मत लिहायला जागा नव्हती, लागलीही नाही.